साल्टबर्नची पाण्यावर चालणारी लिफ्ट

साल्टबर्न-बाय-द-सी,
शनिवार, रात्र

प्रिय दिन्या,

फोनवर तू मधेच तोडतोस, म्हणून पत्र.

आम्ही तीन दिवस इंग्लंडात यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर आलोय. रूबी स्ट्रीटवरचं भाड्याचं घर, जिना इतका चिंचोळा की बॅग डोक्यावर घेऊन चढलो. शेजारच्या गल्ल्या एमराल्ड, पर्ल, डायमंड! हेन्री पीज या रेल्वेवाल्याने कड्यावर हे गाव वसवलं. १८६१ ला इथे रेल्वे पोचली. बऱ्याच घरांच्या विटाही पीजच्याच भट्टीच्या, पांढुरक्या. ही म्हणते, कच्च्याच राहिल्यात.

पण पत्र लिहायला बसलो ते लिफ्टपायी. गाव वर, समुद्र १२० फूट खाली. आधी इथे उभा लाकडी पाळणा होता, तो धोक्याचा ठरला म्हणून पाडला. मग १८८४ मध्ये उतारावर रूळ टाकून दोन डबे बसवले, दोराने एकमेकांना बांधलेले. दोघांच्या पोटात पाण्याची टाकी. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी सोडायचं. तो जड झाला की खाली येतो आणि खालच्याला वर ओढतो. खाली पोचल्यावर पाणी काढून टाकायचं. वर एक माणूस ब्रेक धरून, बस्स! अरे, हा तर तुमच्या विहिरीवरचा रहाट! एक कळशी खाली, दुसरी वर. फरक एवढाच की यांच्या कळशीला रंगीत काचांच्या खिडक्या आहेत.

तू लगेच विचारशील, 'पाणी परत वर कोण नेतं?' पंप. फुकट काही नाही, मलाही कळतं.

खाली उतरलं की समोरच समुद्रात शिरलेला धक्का. १८६९ चा. तेव्हा १५०० फूट लांब होता, आता ६८१. कधी वादळाने तोडला, १९२४ ला तर एक जहाजच मधे घुसलं. टोकापर्यंत गेलो, वाऱ्याने टोपी नेली. पाण्यात पाय घातला आणि ओरडलोच. आपल्या गुहागरला जानेवारीतही लोक डुंबतात, इथे जून आहे आणि माझी बोटं निळी.

परत येताना पुन्हा लिफ्टनेच आलो. ही म्हणाली, लहान मुलासारखा काय करतोस.

तुझ्याकडे मोटर बसली, माहीत आहे. पण रहाटाचं चाक भंगारात देऊ नकोस. गणपतीला येतोय.

तुझा,
अव्या