गोवर येऊन गेला की पोर घट्ट होतं, हा समज सोडा

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्या वाळवा तालुक्यात ऊसतोड चालूय, रानाच्या कडेला बीडकडच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्यात. त्यातल्या एका बाईनं लेकीचं लसीचं कार्ड दाखवलं, पोरगी दीड वर्षाची, गोवर-रुबेलाचा पहिला डोस झालाय, दुसरा पोर सोळा महिन्यांचं झाल्यावर घ्यायचा असतो तर तेव्हाच ही मंडळी गाव सोडून इकडं आली. आणि आमच्याच वस्तीवरची एक आजी तिला म्हणते, राहू दे गं, गोवर येऊन गेला की पोर घट्ट होतं. म्हणून हे पत्र.

गोवर परत सहसा होत नाही हे खरंय, पण तो जाताना काय घेऊन जातो ते बघा. अंगात जंतू शिरला की आधी पांढऱ्या पेशी त्याला गिळायला धावतात, ताप चढतो, तोवर दुसऱ्या पेशी नेमक्या त्याच जंतूला धरणाऱ्या अँटीबॉडी तयार करतात, त्यात आठवडा-दीड आठवडा जातो. जंतू मेला तरी काही पेशी त्याची ओळख धरून मागं राहतात, तोच परत आला तर मग एवढा वेळ लागत नाही. गोवराचा विषाणू या ओळख धरणाऱ्या पेशींतच घुसून त्यांना मारतो! २०१९ साली छापून आलेल्या अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराच्या आधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, तर इतर जंतूंविरुद्धच्या अँटीबॉडी ११ ते ७३ टक्के गेलेल्या. म्हणजे पोरानं आजवर सर्दी-जुलाब काढून जे कमावलं ते पुसलं, आणि न्यूमोनियाला दार उघडं. लसीतला विषाणू कमजोर केलेला असतो, तो असं करत नाही.

आणि एक डोस झालाय ना, बास, असंही नाही. नवव्या महिन्यातला डोस शंभरातल्या साधारण पंधरा पोरांना लागूच होत नाही, दुसरा त्यांच्यासाठीच असतो. सरकारी केंद्रात तो फुकट मिळतो, पोर कुठल्याही जिल्ह्याचं असू दे.

आमच्या आशाताईंना सांगितलं, त्या पोरीला उपकेंद्रात डोस मिळाला. पण गळीत सुरू होतानाच आरोग्य खात्यानं कोप्यांवर फिरावं, आणि आपण बागायतदार मुकादमाला किती कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, आलेत विचारतोच, तसं पोरं किती आणि कार्डं कुठंयत हेही विचारावं. आमच्या रानाकडेच्या कोप्यांत अजून पाच पोरं राहिलीत.

एक शेतकरी, ता. वाळवा, जि. सांगली