हरित प्रमाणपत्र आणि पावसाळ्यातील बंद वर्गखोल्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव परिसरात नव्या इमारतींबाबत ‘हरित’ हा शब्द आता वारंवार कानी येतो. चर्चा मात्र बहुधा सौर पॅनेल, वीजबचत आणि पावसाच्या पाण्याची साठवण यांपाशीच थांबते. आत बसवलेले प्लायवूड, एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेला बोर्ड), सनमायका चिकटवण्याचा गोंद, पॉलिश आणि रंग यांतून हवेत काय मिसळते, ही विचारणा क्वचितच होते. आणि झालीच तर रंगाच्या डब्यावरील ‘लो व्हीओसी’ (बाष्पनशील सेंद्रिय द्रव्ये कमी असलेला) हा शिक्का दाखवून ती मिटवली जाते.

त्या शिक्क्यावरून डब्यातील रंगात लिटरमागे किती ग्रॅम बाष्पनशील सेंद्रिय द्रव्ये आहेत, एवढेच कळते. भिंतीला लावल्यावर त्यांपैकी काय आणि किती काळ खोलीत पसरत राहील, हे जाणून घ्यायचे तर नमुना बंद पेटीत ठेवून, त्यातून मोजकी हवा सोडून, बाहेर येणाऱ्या हवेचे पृथक्करण करावे लागते. हरित इमारतींना गुणांवर प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेच्या ‘लीड’ पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत या दोन कसोट्या स्वतंत्र ठेवल्या असून उत्सर्जनासाठी कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याची १४ दिवसांची चाचणी ग्राह्य धरली आहे. तिच्यात फॉर्माल्डिहाइड या उग्र वासाच्या, घातक वायूची मर्यादा घनमीटरमागे अवघी ९ मायक्रोग्रॅम (०.००९ मिलिग्रॅम) आहे. तथापि हा निकष गुण मिळवण्यापुरता आहे, सक्तीचा नाही. इतर बाबींत पुरेसे गुण जमवून या बाबतीत शून्यावर राहिलेली इमारतही प्रमाणपत्र मिळवू शकते.

माझ्या मते रंगापेक्षा मोठा प्रश्न कपाटे, बाके आणि पार्टिशनसाठी वापरल्या जाणाऱ्या बोर्डांचा आहे. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड सामान्यतः युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिनने (एक प्रकारच्या कृत्रिम गोंदाने) बांधलेले असतात. उष्णता आणि ओलावा यांमुळे हे रेझिन हळूहळू विघटित होते आणि फॉर्माल्डिहाइड वायू महिनोन्महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, सुटत राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या वायूचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये घरातील हवेसाठी घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम, तीस मिनिटांच्या सरासरीने, ही मर्यादा सुचवली. आपल्याकडे विक्रेते अभिमानाने सांगतात त्या ‘ई-वन’ (बोर्डांतून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइडनुसार ठरवलेल्या युरोपीय) वर्गाची पेटी-चाचणीतील मर्यादा ०.१२४ मिलिग्रॅम आहे, म्हणजे त्याहून थोडी जास्तच. नव्या फर्निचरचा तो उग्र वास मात्र आपण अजूनही चांगल्या कामाची खूण समजतो.

आता आपल्या हवामानाकडे पाहावे. ‘ई-वन’ची ही चाचणी २३ अंश सेल्सिअस आणि ४५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत होते. जुलैमध्ये बेळगावात, आणि खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तर त्याहूनही अधिक, आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते. कामानंतर इमारतीत बाहेरची हवा खेळवून वायू काढून टाकण्याचा पर्यायही लीडमध्ये आहे. परंतु त्यासाठी आतील आर्द्रता ६० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी अशी अट आहे. ती अट आपल्याकडे पावसाळ्यात, वातानुकूलनाशिवाय, पाळताच येणार नाही.

शाळांचे वेळापत्रक याच्या नेमके उलटे बसते. फर्निचरचे काम उन्हाळी सुट्टीच्या अखेरीस घाईने उरकले जाते, मेअखेर किंवा जूनच्या आरंभी वर्ग भरतात आणि लगेच पाऊस सुरू झाल्यामुळे खिडक्या लावून घ्याव्या लागतात. ताजा बोर्ड, दमट हवा आणि बंद खोली हे तिन्ही तेथे एकत्र येतात, आणि मुले त्या खोलीत दिवसाचे पाच-सहा तास बसतात. सुतार आणि पॉलिशवाले तर थिनर आणि गोंदाच्या वाफेत, बहुतेकदा साधा मास्कही न लावता, दिवसभर असतात. त्यांचा विचार मात्र क्वचितच होतो.

म्हणून महापालिका, सार्वजनिक बांधकाम खाते आणि शाळांच्या व्यवस्थापनांना विनंती आहे की निविदेत केवळ ‘लो व्हीओसी रंग’ असे न लिहिता बोर्डांच्या उत्सर्जनाचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, पुरवल्या जाणाऱ्या मालाशी जुळणारा अहवाल मागावा. कापलेल्या सर्व कडा, मागील आणि आतील बाजूंसह, बंद कराव्यात. आणि नव्या इमारतीतील लाकूडकाम फेब्रुवारीपर्यंत, तर जुन्या वर्गांतील काम एप्रिलच्या मध्यापर्यंत संपवून उरलेला उन्हाळा दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे. त्याने काही नव्या वर्गखोल्यांतील फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण एकदा जानेवारीत आणि एकदा जुलैत मोजून ते आकडे प्रसिद्ध केले, तर या भागासाठी प्रमाणपत्राच्या अटींत काय बदलावे लागेल, हे अंदाजाने नव्हे तर पुराव्याने ठरवता येईल.

आपला,
एक वास्तुरचनाकार, टिळकवाडी, बेळगाव