टाळू उघडी असली तरी

लातूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

घरी सर्व कुशल आहे, गुडघा होता तसाच आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आमच्या धाकट्या भावाचे डोके तुला आठवतेच. त्यावरून त्याला चिडवणाऱ्या ज्या पोराच्या अंगावर तू धावून गेला होतास, तो पुढे सरपंच झाला. अगदी तसेच लांबट, कपाळ पुढे आणि मागचा भाग टोकदार असलेले डोके घेऊन माझा नातू जन्मला आहे. हे तुझ्याखेरीज कोणाला सांगणार?

बाळ साडेतीन महिन्यांचे आहे. टाळूपासून मागे जाणारी कवटीची मधली शिवण, म्हणजे कवटीच्या दोन हाडांमधला सांधा, वेळेआधीच मिटल्याचे सीटी स्कॅनमध्ये दिसले. साधारण दोन ते अडीच हजार बाळांमागे एकाची कोणती तरी शिवण अशी मिटते. त्यांत ही मधली सर्वांत अधिक वेळा, आणि मुलग्यांत जास्त. आतला मेंदू वाढतो तसतशा शिवणी त्याला वाट देतात आणि त्यांच्या कडांवर नवे हाड तयार होते. पहिल्याच वर्षात डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटीमीटरवरून ४६ पर्यंत जातो. मधली शिवण मिटली की रुंदी अडते आणि सारी वाढ पुढे-मागे वळते, हे रुडॉल्फ विर्चो यांनी १८५१ मध्येच मांडले होते.

आमच्या विहीणबाई मात्र म्हणतात, "टाळू उघडी आहे, मग काळजी कसली?" त्या रोज टाळू भरतात, मोहरीच्या उशीवर निजवतात, न्हाऊ घालणारी बाई डोके दाबून गोल करू पाहते. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु मधली शिवण मिटूनही टाळू उघडी राहू शकते. एकाच कुशीवर निजून चपटे झालेले डोके कूस बदलल्याने सुधारते, कारण तेथे शिवणी मोकळ्या असतात. एकदा जुळलेले हाड तेलाने आणि दाबण्याने सुटत नाही.

आणि वेळ थोडा आहे. लहान छेदांतून दुर्बिणीने मिटलेल्या शिवणीची पट्टी काढायची आणि पुढे काही महिने हेल्मेट घालायचे, हा मार्ग हाड पातळ असेतो, म्हणजे साधारण पहिल्या सहा महिन्यांतच उपयोगी. उशीर झाला तर कवटीची हाडे काढून नव्याने बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, तीत रक्तही अधिक जाते. प्रश्न केवळ रूपाचा नाही. काही मुलांत कवटीतला दाब वाढतो आणि नजरेला धोका पोहोचतो. धाकट्याचे डोके जन्मभर दुखत असे. त्याचे कारण हेच होते का, हे आता कधीच कळणार नाही.

वहिनींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाले आणि तुझ्या बोअरला पाणी लागले, हे ऐकून बरे वाटले. बुद्धिबळाच्या त्या डावात वजीर तूच हलवला होतास, यावर मी अजून ठाम आहे. ते भांडण भेटीत पुरे करू.

विहीणबाई तुझ्या गावच्या, तुला भाऊ मानणाऱ्या. जावई आईपुढे बोलत नाहीत आणि लेक रडण्यापलीकडे काही करत नाही. रविवारी तू उदगीरला जाच. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांचेच बोट टाळूपासून मागे फिरवायला सांग, म्हणजे मिटलेल्या शिवणीची कडा त्यांना हाताला लागेल. पुण्याच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातली तारीख देऊ केली आहे आणि होकार सोमवारी कळवायचा आहे. स्कॅनची प्रत सोबत जोडली आहे.

तुझा जिवलग