आधी पाण्याला वाट, मग ‘सी व्ह्यू’

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत डोंगरउतारावरच्या ‘सी व्ह्यू’ प्लॉटांना ‘कोकणातलं मलबार हिल’ म्हणून खपवलं जातं. खरं मलबार हिल कसं वसलं, तेही या जाहिरातींनी सांगावं. शिलाहारकाळापासूनची जुनी वस्ती पायथ्याला, वाळकेश्वर-बाणगंगेच्या गोड्या पाण्याभोवती, माथ्यावर झाडी. एकोणिसाव्या शतकात धनिकांचे बंगले वर चढू लागले आणि १८८५ मध्ये गव्हर्नरचा मुक्कामही कायमचा मलबार पॉइंटला आला. हँगिंग गार्डन म्हणजे तर पाण्याच्या टाकीचं छप्पर. खालच्या शहराला उताराने पाणी जावं म्हणून टाकी डोंगरावर. बंगल्यांभोवती मोकळी माती होती, पाऊस तिच्यात जिरायचा. टॉवर आले तसा डोंगर उभा कापून त्याला भिंती टेकवल्या गेल्या. ऑगस्ट २०२० मध्ये कुलाब्यात चोवीस तासांत ३३० मि.मी.हून जास्त पाऊस झाला, तेव्हा याच डोंगरावरच्या खेर मार्गाची संरक्षक भिंत ढासळून दरड पाटकर मार्गावर आली.

आपल्याकडे तर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार. चाळणीसारख्या जांभ्यातून पाणी खाली उतरतं, खालच्या चिकणमातीवर अडतं आणि उताराला झरा होऊन फुटतं. जेसीबी नेमका तिथेच कापतो. मग चिऱ्याची भिंत, वर सिमेंटचा गिलावा, की पाणी कोंडलं. भिंतीमागे तीन मीटर पाणी साचलं तर दर धावत्या मीटरला साडेचार टन रेटा येतो. सहा मीटरला दुप्पट नव्हे, अठरा टन. आपला जुना गडगा म्हणजे नुसते दगड रचलेली भिंत, बिनसिमेंटची, फटीफटीतून झिरपणारी. म्हणून तो टिकायचा. (अर्थात तो कंबरभर उंचीचा. तीन मजली कापाला गडगा पुरणार नाही.)

म्हणून कोंडलेलं पाणी निघायला भिंतीत साधारण दीड-दीड मीटरवर, वरच्या ओळीतला पाइप खालच्या दोन पाइपांच्या मधोमध येईल असे, तीन-चार इंची पाइप बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवावेत. मागे फूटभर जाड खडीचा थर आणि माती व खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडून माती अडवणारं कापड. इथेच बचत होते: कापड गाळतात, खडीऐवजी कापातलीच माती लोटतात आणि दोन पावसाळ्यांत पाइप गाळाने बुजतात. कापाच्या वर पक्कं गटार हवं, नाहीतर सड्यावरचं सगळं पाणी भिंतीमागे उतरतं. सेप्टिक टँकचा शोषखड्डा तर भिंतीच्या वरच्या अंगाला मुळीच नको. नगरपरिषदेने बांधकाम परवानगीच्या नकाशात घराइतकाच या भिंतीचा उभा छेदही (आतली रचना दाखवणारं चित्र) मागावा.

तयार भिंतीची पारख जुलैत होते. मुसळधार पावसात पाइपांतून स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर ठीक. गढूळ येत असेल तर मागची माती निघून चालली आहे. आणि पाइप कोरडेच, पण भिंतीला पोट आलेलं दिसलं, तर खालच्या घरातली माणसं त्याच दिवशी हलवावीत.

– एक वाचक, रत्नागिरी