तू वाचून दाखवलेली चाळीस पानं

प्रिय मित्रा,

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री तीनदा ऐकला. "माझं नाव सांगून टाकायला हवं होतंस," एवढं एका दमात बोललास आणि मग बराच वेळ नुसता तुझा श्वास ऐकू येत होता. याचं उत्तर फोनवर देता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय.

तू नोकरी सोडलीस त्यानंतरचं तुला तुटक तुटकच कळलंय. त्यामुळे जरा मागे जातो.

ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदींमधला खोटेपणा मी अंध आहे म्हणूनच मला सापडला. माझ्या तक्रारीची चौकशी करणाऱ्या समितीला हे पटलं नाही, पण खरंच तसं आहे. बाकीच्यांना पडद्यावर हिरवा ठिपका दिसायचा, म्हणजे तक्रार मिटली. माझा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, अख्खी ओळ वाचतो. नोंद उघडली ११ वाजून ४ मिनिटांनी, बंद केली ११ वाजून ६ मिनिटांनी, शेरा: तंत्रज्ञाने घरी भेट देऊन दुरुस्ती केली. दोन मिनिटांत कुठला तंत्रज्ञ कुणाच्या घरी पोचतो? आणि त्या बाईंचा आवाज मी विसरूच शकत नव्हतो. आठवड्यात चौथ्यांदा फोन, नवऱ्याच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा अलार्म वाजत नाही, आणि आधीच्या तिन्ही तक्रारी 'समाधान झाले' म्हणून बंद! खोलीतल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. ते यंत्र नायट्रोजन बाजूला काढून तो ९० टक्क्यांच्या आसपास नेतं. शुद्धता घसरली तर झोपलेल्या माणसाला ते कळणार कसं? अलार्म असतो तो त्याच्यासाठी.

तंत्रज्ञांचं रजिस्टर मात्र हाताने लिहिलेलं. तिथे माझं यंत्र हात टेकतं. म्हणून तुला विचारलं. तू काही न बोलता खुर्ची ओढलीस आणि तीन संध्याकाळी बसून चाळीस पानं वाचलीस. मी ब्रेल पाटीवर टोचत गेलो, उजवीकडून डावीकडे. 'भेट दिली नाही, फोनवरून बंद,' असं कितीदा आलं ते आपण मोजायचंही सोडून दिलं होतं.

आतला गैरप्रकार उघड करणाऱ्या माणसाला मराठीत जागल्या म्हणतात. रात्री गावातून हाळी देत फिरणारा. तो एकटाच फिरतो असं आपल्या मनात असतं. मला एकट्याने ते करता आलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलं. डोळस माणूस कागद पाहतो, फोटो काढतो, गप्प बसतो. मला गुपितसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. म्हणजे माझ्या धाडसात पहिल्या दिवसापासून तुझा धोका होता, आणि तो मी तुझ्या गळ्यात घालतोय हे मला तेव्हाही कळत होतं.

समितीने पहिला प्रश्न अलार्मबद्दल विचारला नाही. विचारलं, "हे रजिस्टर तुम्हाला कोणी वाचून दाखवलं?" मी सांगितलं नाही. पुन्हा विचारलं. मग एकजण शांतपणे म्हणाले, की ज्यांनी स्वतः पाहिलेलं नाही त्यांचा हा पुरावा धरायचा कसा. माझी ब्रेलची पानं हातात घेऊन परत टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तिथे ती कोणालाच वाचता येत नव्हती, आणि वाचू शकणारा माणूस बोलवा म्हटलं तर त्याची तरतूद नाही म्हणाले. रजिस्टरचा भाग वगळला. कॉम्प्युटरवरच्या नोंदी तेवढ्या उरल्या. तुझं नाव सांगितलं असतं तर कदाचित तोही भाग टिकला असता. म्हणजे तू म्हणतोस त्यात चूक काही नाही.

पुढे जे झालं त्याला कोणी सूड म्हणणार नाही, इतक्या बारीक बारीक गोष्टी. माझ्या जॉज या स्क्रीन रीडरच्या लायसन्सचं नूतनीकरण अडलं, "फाइल वर गेली आहे," चार महिने. एनव्हीडीए हा दुसरा स्क्रीन रीडर चालेल म्हटलं. दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये ते सुरू केलं, फुकट मिळतं. तर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायला परवानगी नाही. सूचना ईमेलऐवजी छापील कागदाचे फोटो म्हणून येऊ लागल्या. फोटो वाचायला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर साधन नाही, मग काम उशिरा, मग उशिराबद्दल मेमो, आणि तो मेमोही फोटोच. माझी जागा बदलली, दोनदा. जिन्यापासून सतरा पावलं, डावीकडे खांब, हे सगळं पायांना पाठ झालेलं असतं रे. ते एका सकाळी पुसून टाकतात आणि वर म्हणतात, नवी जागा जास्त मोकळी आहे.

आणि माणसं. डोळस माणसाला वाळीत टाकलं तर निदान वळलेल्या पाठी तरी दिसतात. माझ्या बाबतीत लोक नाहीसेच झाले. आधी शेजारून जाताना नाव सांगायचे, खांद्यावर हात ठेवायचे. आता पावलं जवळ येतात, जरा मंदावतात, आणि निघून जातात. काहींची चाल मला ओळखू येते, मी नावाने हाक मारायचो. एकदा हाक मारल्यावर ती पावलं अक्षरशः थिजली, पण उत्तर आलं नाही. त्यानंतर मी हाक मारणं सोडलं.

कायदे वाचले मी, रात्री जागून. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात स्पष्ट लिहिलंय की वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव. आपल्या २०१६ च्या कायद्यातही तेच. म्हणजे लायसन्स अडवणं ही निव्वळ ढिलाई धरता येत नाही, मी तसं लेखी मांडलंय. जागल्यांसाठी आपल्याकडे २०१४ मध्ये कायदा झाला, पण तो अंमलात आणलाच नाही. तोही सरकारी कारभाराबद्दलच्या तक्रारींसाठी, आणि त्यात निनावी तक्रारीला जागा नाही. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार उघड करणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवा म्हणून पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं होतं. नाव फुटलं, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गया इथे त्यांचा खून झाला. माझ्या जिवावर कोणी उठलेलं नाही, त्या पंक्तीत मी स्वतःला बसवत नाही. पण नाव म्हणजे काय असतं, हे तुझं नाव गिळताना मला कळलं होतं.

युरोपीय संघाच्या जागल्यांबद्दलच्या २०१९ च्या निर्देशात एक शब्द सापडला आणि मी तो परत परत ऐकला: तक्रारदाराला मदत करणारी व्यक्ती. तिलाही संरक्षण आहे. तक्रार तोंडी करायचीही सोय आहे. नंतर कारवाई झालीच, तर ती तक्रारीमुळे केली नाही हे मालकाने सिद्ध करायचं. कोणीतरी कुठेतरी बसून तुझा विचार केला होता, मित्रा. आपल्याला तो लागू नाही, तरी त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी नीट झोपलो.

बहीण म्हणते, "तुला ही नोकरी मिळायला सहा वर्षं लागली होती, हे त्यांनाही माहीत आहे." बरोबर आहे तिचं. मुलाखतीत पांढरी काठी पाहून बदललेले आवाज मी अजून विसरलेलो नाही. दुसरीकडे जाणं म्हणजे पुन्हा त्या आवाजांसमोर बसणं, आणि आता सोबत 'तक्रार करणारा' हा शिक्काही. भीती वाटते. तुझ्यापासून काय लपवू?

तरी तुझं नाव मी सांगितलं नाही याचा मला पस्तावा नाही. ते तुझं होतं. तुला द्यायचं असेल तर तू देशील. मी खर्च करायला ते माझं नव्हतं.

परवा समितीचा अंतिम अहवाल आला, कागदावर, पाकिटात. फोनच्या कॅमेऱ्याने छापील भाग ऐकला. अलार्मच्या तक्रारी पुन्हा तपासायची शिफारस आहे, तेवढं कळलं. पण समासात कोणीतरी हाताने लिहिलंय, दोन-तीन ठिकाणी, आणि फोन तिथे नुसती अक्षरांची खिचडी बोलतो. बहिणीला वाचायला सांगितलं असतं, पण तिला आधीच झोप नाही.

रविवारी येशील का? या वेळी नीट विचार करून ये. नाही म्हणालास तरी आपल्यात काही बदलणार नाही. पाकीट टेबलाच्या उजव्या खणात ठेवलंय.

तुझाच