जुन्या पिकअपबद्दलही कधीतरी छापा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमची गाड्यांची पुरवणी मी न चुकता वाचतो, पण खरं सांगू का, त्यात माझ्या कामाचं काहीच नसतं. नवीन मॉडेल आलं, स्क्रीन केवढी, सनरूफ आहे की नाही, सीटला हवा येते का. आमच्यासारखे ज्यांचं घर एका जुन्या पिकअपवर चालतं त्यांनी वाचायचं काय? म्हणून म्हटलं आपणच लिहावं, छापलं तर छापलं.

माझी डिझेल पिकअप आहे, मीटरवर ३ लाख ८६ हजार किमी झालेत. मीटर बघितला की प्रत्येक जण एकच सांगतो, काढून टाक आता. अरे पण मीटर फक्त किती पळाली ते सांगतो, कशी पळाली ते कुठे सांगतो? हायवेला एका लयीत पळालेले दोन लाख आणि रोज पाच-पाच किमीच्या फेऱ्या मारून झालेले दोन लाख यात जमीन अस्मानाचा फरक आहे. छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट गरमच होत नाही, ऑइलमध्ये ओल आणि कच्चं डिझेल उतरत राहतं आणि झीज होते ती जास्त करून थंड इंजिन चालू करताना. हे मीटरवर दिसत नाही ना.

आता मुद्द्याचं. जुनी गाडी महाग पडते ती जुनी आहे म्हणून नाही, कारण न शोधता पार्ट बदलत बसल्यामुळे महाग पडते, हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून गियर ऑइल गळायला लागलं. गॅरेजवाल्याने ऑइल सील बदललं, ब्रेकचे लायनर ऑइलने भिजले होते म्हणून तेही नवीन टाकले. दोन महिन्यांनी परत तेच. परत सील, परत लायनर. तिसऱ्या वेळी म्हणाला एक्सलच घासलाय, एक्सल बदलू. मी म्हटलं थांब जरा, आणि रविवारी स्वतः गाडीखाली शिरलो. मागच्या एक्सलच्या हाउसिंगच्या, म्हणजे ज्या लोखंडी खोळीत एक्सल आणि गियर असतात तिच्या, वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी एक टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती चिखलाने अशी बसली होती की तिथे काही आहे हेच कळत नव्हतं, स्क्रूड्रायव्हरने खरवडल्यावर पितळ दिसलं. काढून फुंकून बघितली तर हवा ना इकडून ना तिकडून. म्हणजे काय व्हायचं, गाडी पळाली की आतलं ऑइल तापायचं, हवा फुगायची, तिला बाहेर पडायला वाट नाही मग ती सीलच्या ओठातून ऑइल ढकलायची. सील बिचारं काय करणार! टोपी डिझेलमध्ये धुतली, परत बसवली, शेवटचं एक सील टाकलं, त्याला आता दीड वर्ष झालं, थेंब नाही. एक्सल जुनाच आहे.

आणि याची उलटी बाजू पण आहे बरं का. गरम गाडी पाण्यात घातली की हाउसिंग एकदम गार होतं आणि आत हवा ओढतं, ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणीच ओढतं. म्हणून पाण्यातून गाडी काढली असेल तर नंतर एकदा डिफरन्शियलचं, म्हणजे याच हाउसिंगमधलं, ऑइल बघा, दुधाळ दिसलं की लगेच बदला, बेअरिंग जाईपर्यंत वाट बघू नका.

इलेक्ट्रिकलचं पण तसंच. सेल्फ मंद फिरतो, लाइट लुकलुकते, एक काटा उगाच वर चढतो, की लगेच बॅटरी बदल नाहीतर सेल्फ उतरव. आधी अर्थिंगची पट्टी बघा हो. बॅटरीकडून बॉडीला आणि इंजिनकडून चासीला जाते ती. जुन्या गाडीत वरून चांगली दिसते आणि बोल्टखाली गंजलेली असते. खोलून, पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळायची, फुकटचं काम आहे. साधा मल्टीमीटर जवळ ठेवा, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट दाखवत असेल तर बॅटरी आणि डायनॅमोला दोष देण्याआधी वायरी तपासा.

एक गोष्ट मात्र कुणीच बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. जुने पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बसले की लोक सरळ एक पाटा वाढवून घेतात, मीपण घेतला होता. पण बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हला बारीक सळई गेलेली असते. माल भरला की हौदा खाली बसतो, सळई हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. रिकामी असताना कमी सोडतो, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी घसरू नये. आता पाटा वाढवला की माल भरूनही हौदा पूर्वीएवढा बसत नाही, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे, आणि भरलेल्या गाडीत मागचा ब्रेक कमी लागतो, सगळा भार पुढच्यावर. माझे पुढचे पॅड पटापट संपायला लागले तेव्हा कुठे हे डोक्यात शिरलं. पाटा वाढवला तर तो व्हॉल्व्ह परत सेट करून घ्या, आणि सळई गंजून अडकलेली नाही ना तेही बघा, आणि पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट थोडं पळाल्यावर परत आवळा, ते सैल पडतातच.

काही बाबतीत लोक उगाच घाबरवतात. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर लगेच काळं पडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. घाबरायचं ते ऑइल दुधाळ झालं किंवा कूलंट दिसत नसताना कमी होत राहिलं तर. आणि रेडिएटरमध्ये नुसतं नळाचं पाणी ओतणाऱ्यांना हात जोडून नमस्कार, आतून क्षार धरला की मग हेड गॅस्केटपर्यंत जातं प्रकरण. ब्रेक ऑइलचं पण तेच, ते हवेतली ओल पितं, लांब उतारावर गरम झालं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल एकदम पोकळ जातं. दोन वर्षांनी बदलायचं, काळं दिसो ना दिसो.

मी एक वही ठेवलीय, ग्लोव्ह बॉक्समध्येच असते, ऑइलचे डाग पडलेत तिच्यावर. तारीख, किमी, काय केलं, कुणी केलं. त्या वहीमुळेच तर लक्षात आलं की एकच सील तीनदा बदललंय, नाहीतर कुणाच्या लक्षात राहतं. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा, कधी टाकला हे सेकंड हँड गाडी घेणाऱ्याला जर कुणी सांगू शकत नसेल तर तो टाकलेला नाही असं धरून चालायचं, कारण बहुतेक डिझेल इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

तर साहेब, महिन्यातून एकदा तरी पुरवणीत पाव पान जुन्या मालवाहू गाड्यांना द्या. चकचकीत फोटो नकोत, गाडीखालचे फोटो टाका. तो ब्रीदर कुठे असतो हे एका फोटोत दाखवलं तरी कितीतरी जणांचे लायनर वाचतील. माझ्याकडे फोटो आहेत, हवे असतील तर पाठवतो. सध्या रिव्हर्स टाकताना खालून टक्क असा एक आवाज येतोय, बहुतेक मागच्या चाकांना जोर नेणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस असणार, रविवारी परत खाली झोपायचंय, तेव्हा त्याचाही काढतो.

आपला,
एक पिकअपवाला वाचक