जात्याची घरघरही ऐकवलीत म्हणून

माणदेशी तरंग वाहिनी, म्हसवड येथील ताई आणि दादांना,

सप्रेम नमस्कार.

आईच्या ओव्या तुम्ही रेडिओवर लावल्यात, त्याचे आभार फोनवरही मानता आले असते. पण फोन लावला की आई माझ्या हातातून तो काढून घेते आणि माझं बोलायचं राहून जातं. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता यावं असं लिहिते आहे. तुमचा आवाज पोचतो तो दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत. सामुदायिक रेडिओला, म्हणजे संस्थेनं आसपासच्या गावांपुरत्या चालवलेल्या केंद्राला, छोटा ट्रान्समीटर आणि छोटा मनोराच मिळतो, त्यामुळे साताऱ्याच्या माणसालासुद्धा म्हसवडमध्ये असं एक केंद्र आहे हे ठाऊक नसतं. आमची वस्ती तर डोंगराच्या आडोशाला. ओसरीवर नुसती खरखर आणि गोठ्यात स्वच्छ! मग तुमचं ९०.४ एफएम ऐकायचं ते धारा काढताना. आमच्या म्हशींना तुमचे कार्यक्रम पाठ झाले असतील.

तुम्हाला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. द्यायच्या तर आकाशवाणीच्या, त्याही त्यांच्या मजकुरात फेरफार न करता. हवामान, पाणीपुरवठा, वीज, परीक्षा, नोकरभरती, आपत्तीचे इशारे, गावातले कार्यक्रम एवढं मात्र चालतं, कारण सरकारच्या लेखी त्या बातम्या नाहीत. माण तालुक्यात राहून हे ऐकलं की हसू येतं. इथं टँकर कधी येणार, आज लाइट दिवसा आहे की रात्री, मेंढरांवर कुठला आजार फिरतोय, यापुढं दिल्लीत कोण कुणाला काय म्हणालं ते कोण विचारतो? तरीही नियम बदलायला हवा असंच मला वाटतं. पाण्याच्या योजनेचं काम कुठं आणि कशामुळं अडलंय, हे तालुक्यातल्या केंद्रानं सरळ बातमी म्हणून सांगितलं तर कुणाचं काय बिघडणार आहे? रेडिओच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सुप्रीम कोर्टानं १९९५ सालीच सांगून ठेवलंय. स्वयंसेवी संस्थांना असं केंद्र काढायची वाट मोकळी व्हायला त्यानंतरही २००६ उजाडलं. तुम्ही मात्र २००८ साली सुरूही केलंत.

२०१२-१३ च्या दुष्काळात तुमचं केंद्र चालवणाऱ्या माणदेशी फाउंडेशननं म्हसवडला चारा छावणी काढली. जनावरांबरोबर माणसंही तिथंच राहायला गेली. त्या वर्षी पेपरात भेगाळलेल्या जमिनीचे फोटो पुष्कळ आले, पुढाऱ्यांचे दौरेही आले. आमच्यासारखी बोलणारी बाई मात्र रेडिओवरच भेटायची. ती "न्हाई" म्हणायची, "नाही" नाही म्हणायची. तेवढ्यानंसुद्धा धीर यायचा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

तुमच्यातली एक ताई रेकॉर्डर घेऊन आमच्या वस्तीवर आली, ते आईच्या ओव्या घ्यायला. आईनं आधी चहा पाजला, मग शेतीची चौकशी केली, मग तिचं माहेर कुठलं ते विचारलं. गायचं नाव काही काढेना. शेवटी म्हणाली, "आगं, जातं न्हाई तर ओवी कशी सुचंल?" खरंच होतं. गिरणी आल्यापासून आमचं जातं कडब्याखाली पडलेलं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मावशी, दोन ओळी म्हणा, मला पुढं जायचंय. तुमच्या ताईनं ओढणी कमरेला खोचली, माझ्याबरोबर कडबा उपसला, जात्याचे दोन्ही दगड, पाळू न् तळी, धुऊन उन्हात ठेवले. दुपार त्यातच गेली. मग आईनं मूठभर ज्वारी घातली, खुंटा धरला, समोर ताईला बसवलं, आणि सुरुवात म्हसवडच्या आमच्या देवापासून, सिद्धनाथापासून झाली. मग देवी जोगेश्वरी, मग पंढरीचा विठ्ठल, मग भाऊ, मग माहेरची वाट. माझा मामा वारल्याला बरीच वर्षं झाली. त्याच्यावरच्या इतक्या ओव्या आईकडं आहेत हे मी, तिची पोटची लेक, त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते.

कार्यक्रम लागला तेव्हा मी कान देऊन ऐकलं. जात्याची घरघर तुम्ही काढून टाकली नव्हती. मध्ये एक कोंबडा आरवला, तोही तसाच ठेवलात. स्टुडिओत बोलावून, मागं पेटी-तबला लावून गोड गाणं करता आलं असतं. लोककलेच्या नावाखाली तसं फार चालतं आणि मला ते सोसत नाही. ढोलावर नाचायच्या गजीच्या खेळातही तेच. आमच्याकडच्या धनगरांचा ढोल नि कैताळ (मोठी झांज) यात्रेच्या धुळीत ऐकावा. शहरातल्या मंचावर पाच मिनिटांत उरकतात तो वेगळाच काहीतरी प्रकार असतो. तुम्ही ढोल जसा आहे तसा लावता, पोरांच्या आरोळ्यांसकट. आवाज फाटतो कधीकधी. फाटू दे.

आई स्वतःचा आवाज ऐकून म्हणाली, "ही कोण म्हातारी?" मग लगेच, "चुकली बघ, हितं एक कडवं खाल्लं हिनं." पण दुसऱ्या दिवशी डेअरीवर बायकांनी तिला घेरलं, आणि त्यातल्या दोघी-तिघींनी आपापल्या ओव्या तिथंच म्हणून दाखवल्या. दूध घालायला आलेले गडी कॅन घेऊन ताटकळत उभे! आजवर या बायकांना कुणी विचारलंच नव्हतं. याच म्हसवडमध्ये बायकांनी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेनं तो परत पाठवला होता. त्या लिहा-वाचायला शिकल्या आणि १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली, ही गोष्ट इथं सगळ्यांना माहीत आहे. आईला आजही सही येत नाही. ओव्या मात्र किती येतात त्याचा हिशेब तुम्ही लावायला घेतलात, म्हणून मनापासून आभार.

एक विनंती आहे. खाल्लेलं ते कडवं आईला आठवलंय आणि ते परत घ्यायलाच पाहिजे म्हणून तिनं माझ्यामागं टुमणं लावलंय. डेअरीवरच्या बायकाही यायच्या म्हणतात. बाजाराचा दिवस सोडून कधीही या, पण सकाळी या, दुपारी त्या रानात असतात. रेकॉर्डरचे सेल जास्तीचे आणा. जातं धुऊन ठेवलंय.

आपली,
गोठ्यातून ऐकणारी एक श्रोती
ता. माण, जि. सातारा